बदलीवाल्यांचे घर: अंतर कुणाच्या पायाने मोजायचे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यात नव्याने येणाऱ्या कुटुंबांनी कुठे राहावे यावर लेख आला होता. पर्वरी, ताळगाव, दोना पावला, वेर्ण्याची बाजू, मोपाच्या नव्या विमानतळामुळे वर आलेले पेडणे, असा सगळा फेरफटका त्यात होता. चौरस मीटरचा दर होता. विमानतळ किती मिनिटांवर, मॉल किती मिनिटांवर, समुद्र किती मिनिटांवर, हेही होते. लेख नेटका होता, छायाचित्रेही सुंदर. पण ती सगळी मिनिटे गाडीची होती. मध्यमवर्गीय घरात गाडी एकच असते आणि ती सकाळी साडेआठला कर्ता माणूस घेऊन जातो. मागे जी माणसे उरतात ती त्या घरात, त्या रस्त्यावर, त्या थांब्यावर दिवस काढतात. त्यांच्यासाठी लेखात एकही ओळ नव्हती, म्हणून हे पत्र. लांबले तर कात्री लावा, पण शाळेचा आणि बसचा भाग तेवढा राहू द्या.

मी फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात कारकून होते. माहेर आजऱ्याचे. लग्न होऊन इकडे आले आणि नोकरीचा सगळा काळ शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीशी गेला. त्या खिडकीत बसणाऱ्याला गावात नवीन कोण आले हे पंचायतीच्या आधी कळते. कुंडई, बेतोडा, मडकई इथल्या औद्योगिक वसाहतींमुळे आमच्याकडे बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, सिंधुदुर्ग अशा ठिकाणांहून कुटुंबे सतत येत. बाप प्लास्टिकची फाईल घेऊन खिडकीशी, आई दाराशी, मूल भिंतीवरचा नकाशा बघत. दाखला, जन्माचा उतारा, आधार, फोटो एकेक करून टेबलावर आले की मी विचारायची, "घर कुठे घेतलंत?" बहुतेकांचे उत्तर ठरलेले असे. "कंपनीपासून सात मिनिटांवर." शाळेपासून किती, हे मोजलेले नसे, कारण शाळा शोधायला त्यांनी घर ठरल्यावर घेतलेली असे.

बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नसते, पण इथे अनुदानित शाळांना सरकारी योजनेतून बस मिळाली आहे. तिला बालरथ म्हणतात. बालरथाचा रस्ता वर्षाच्या सुरुवातीला ठरतो. कुठल्या वाड्यावर किती मुले, गाडी वळायला जागा आहे का, पावसात चढ चढेल का, हे सगळे बघून मुख्याध्यापक आणि चालक तो ठरवतात. ऑगस्टात कुणी येऊन म्हणाले की आमच्या कॉलनीपर्यंत एक फेरी मारा, तर ते होत नाही, कारण आधी बसलेली सगळी मुले उशिरा पोचतात. मग ते मूल मुख्य रस्त्यावर येऊन थांबते. मुख्य रस्ता म्हणजे कडेला पदपथ नाही, ट्रकची वर्दळ, आणि जुलैच्या सरीत समोरचे दिसत नाही. आई छत्री धरून बरोबर येते, धाकटे कडेवर. नवऱ्याच्या वाचलेल्या वेळाची किंमत ती रोज सकाळी मोजत असते. वर्ष सरायच्या आत हेच पालक पुन्हा खिडकीशी येत, या वेळी दाखला काढून न्यायला.

म्हणून ओळखीत कुणाची गोव्यात बदली झाली की मी क्रम उलटा करायला सांगते. आधी शाळा. मग शाळेच्या किंवा साध्या बसची वाट. त्या वाटेवर चालत पोचता येईल असे घर. नोकरीचे ठिकाण सगळ्यात शेवटी, कारण नोकरीवर जाणाऱ्याच्या खिशात गाडीची किल्ली आहे.

शाळेच्या बाबतीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांची दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली तारखांची. तिकडे वर्ष जूनमध्ये सुरू होते म्हणून मंडळी मे अखेरीस सामान हलवतात. गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. मध्ये मेची सुट्टी, मग जूनमध्ये शाळा पुढे चालू. जूनमध्ये हजर झालेल्या मुलाचे वर्गमित्र चार धडे पुढे असतात आणि बालरथाचा रस्ताही ठरलेला असतो. बदलीचे पत्र मार्चमध्ये हातात पडले तर माणसे मागून आली तरी चालेल, पण शाळेला एक फेरी मार्चमध्येच घालावी.

दुसरी फसगत माध्यमाची. इथल्या सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या आहेत, पण पाचवीपासून बहुतेक हायस्कुले इंग्रजी माध्यमाची. मराठी विषय म्हणून मिळते, माध्यम म्हणून क्वचितच. कोल्हापूरकडचे सेमी-इंग्रजी इथे नाही. इतिहास-भूगोल मराठीत शिकलेले सातवीचे मूल एकदम सगळे विषय इंग्रजीत लिहू लागते तेव्हा पहिली घटक चाचणी त्याला झोपवते. ते सावरते, मी शेकड्यांनी पाहिली आहेत, पण त्या सहा महिन्यांत त्याला घरी लवकर पोचायला हवे, संध्याकाळी कुणीतरी पुस्तक घेऊन शेजारी बसायला हवे. रोज दीड तास बसमध्ये घालवणाऱ्या मुलाला ते कुठून मिळणार? घर कुठे घ्यायचे याचा निर्णय इथे मुलाच्या गुणपत्रिकेपर्यंत पोचतो.

धाकटे चौथीच्या आतले असेल तर वाड्यावरची सरकारी मराठी शाळा बघावी, असे मी आवर्जून सांगते आणि लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पट कमी झाल्याने काही शाळांत एकच शिक्षक उरला आहे, हे खरे. तिथे विचार करावा. पण जिथे दोन-तीन शिक्षिका टिकून आहेत, मधल्या सुट्टीत बचतगटाच्या बायका गरम भाजी-पाव आणतात आणि मूल चालत घरी येते, तिथे फी भरून दूरच्या शाळेत पाठवण्यात मला शहाणपण दिसत नाही. असो, या विषयावर मी सुरू झाले की थांबत नाही, असे घरचे म्हणतात.

कागदांचे एक सांगून पुढे जाते. परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आम्ही मागत असू. ती घेऊनच निघावे, नाहीतर एका शिक्क्यासाठी आजऱ्याला परत जावे लागते. आणि यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी संगणक नोंदीत, मुलाचा जो कायमचा क्रमांक असतो त्यावरून जुन्या शाळेने त्याला आपल्या पटावरून मोकळे केले आहे ना, हे विचारून घ्यावे. ते केले नसेल तर इथला कारकून काहीही करू शकत नाही, त्याच्यावर आवाज चढवून उपयोग नाही.

आता प्रत्यक्षातले एक उदाहरण. गेल्या उन्हाळ्याआधी माझ्या भाच्याची पणजीला बदली झाली. बँकेत आहे, कचेरी पणजीतल्या पाटो भागात. बरोबर बायको, सातवीत जाणारी मुलगी, पहिलीत जाणारा मुलगा आणि माझी थोरली बहीण. अक्काचे गुडघे गेलेले, जिने नकोत. भाच्याने येण्यापूर्वीच मोबाईलवर बघून पर्वरीतला एक फ्लॅट मनाशी पक्का केला होता. एजंटाला आगाऊ रक्कम द्यायची तेवढी बाकी होती. मी म्हटले, थांब, आधी सगळी मिळून बघूया. अक्कालाही घे.

पर्वरीला नावे ठेवावीत असे तिथे काही नाही. विधानसभा, सचिवालय, डॉक्टर, दुकाने, शाळा, सगळे आहे. पण हे सगळे राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या दोन अंगांना विभागलेले आहे. तुमचे घर एका अंगाला आणि दूधवाला दुसऱ्या अंगाला, असे पर्वरीत सहज घडते. शिवाय उड्डाणपुलाचे काम सुरू झाल्यापासून धूळ, वळवलेले रस्ते, आज या बाजूने तर उद्या त्या बाजूने. पूल झाल्यावर कदाचित चित्र पालटेल, पण सातवीतली मुलगी तोवर दहावी होईल. एजंट आम्हाला गॅलरीतून दिसणारा देखावा दाखवत होता. अक्काने विचारले, "दूध कुठं मिळतं?" तो म्हणाला, "अ‍ॅपवर मागवायचं, आजी." अक्का पुढे काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की हा फ्लॅट गेला. खाली उतरताना मी तळमजल्यावरच्या बाईंना पाण्याचे विचारले. त्यांनी जिन्याखालची टँकरवाल्याची पाटी दाखवली.

ताळगावात रस्ते चांगले, पणजी जवळ, नवे बांधकाम भरपूर. तिथे पाहिलेल्या घराचा मालक दिल्लीला राहतो, किल्ली चौकीदाराकडे. नळ गळला तर कुणाला सांगायचे, हे विचारल्यावर चौकीदाराने एक ई-मेल पत्ता दिला! करार अकरा महिन्यांचा, त्यातही ऑक्टोबरनंतर "बघू". हा "बघू" बार्देश तालुक्याच्या किनारपट्टीत तर सर्रास ऐकू येतो. पावसाळ्यात फ्लॅट रिकामा राहू नये म्हणून कुटुंबाला द्यायचा, आणि पर्यटकांचा हंगाम लागला की दिवसाच्या भाड्याने देण्यासाठी त्याच कुटुंबाला हलवायचे. ऑक्टोबर म्हणजे सहामाही परीक्षा. आमच्या शाळेत कळंगुट-बागाकडून कुणी यायचे कारण नव्हते, पण म्हापशाच्या शाळांतल्या कारकून बायका भेटल्या की दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या दाखल्यांच्या गोष्टी सांगत.

मग फोंडा. मी फोंड्याची, त्यामुळे पक्षपात करणारच. बाजार पायाखाली, बसस्थानक गावात, राजीव गांधी कलामंदिरात नाटके, मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी जवळ, मराठी वाचणारा शेजार. अक्काला तर मी जवळ म्हणून फोंडाच हवे होते. पण पणजी तीस किलोमीटरच्या आसपास. कुंडई, बाणस्तारी, जुने गोवे करत भाचा जाता-येता दमणार, पाऊस असला की अजून. मी आग्रह धरला नाही. एक मात्र सांगते, कुंडई-बेतोड्याच्या कारखान्यात नोकरी लागलेल्यांनी पणजीत राहायचा हट्ट सोडावा.

रायबंदर भाच्याच्या यादीत नव्हतेच. बसमधून जाताना भाचेसुनेने बघितले आणि विचारले, "इथे का नाही?" पणजीहून पाटोचा बांधरस्ता, १६३३-३४ साली पोर्तुगीजांनी बांधलेला, सुमारे तीन किलोमीटरचा, तो संपला की रायबंदर. हा भाग पणजी महापालिकेच्याच हद्दीत येतो, कचरा वेगळा करून दारातून नेतात. जुने गोवेकडच्या बस तिथूनच जातात. एका अंगाला मांडवी, चोडणची फेरी, दुसऱ्या अंगाला चढ. उणिवाही भरपूर. रस्ता अरुंद, पदपथ बहुतेक ठिकाणी नाही, नदीमुळे घरात दमट हवा, गाडी लावायला जागा शोधावी लागते. भाच्याने नेमके तेवढेच पाहिले. "मावशी, गाडी कुठे ठेवू?" हा त्याचा पहिला प्रश्न.

भाचेसून मात्र हुशार. ती आठवड्याच्या मधल्या वारी एकटीच आली, भाच्याला न सांगता. शाळा सुटण्याच्या वेळी पणजीच्या स्थानकावर उभी राहिली, किती बस भरून जातात आणि मुलींना बसायला मिळते का ते पाहिले. एका बसमध्ये चढून रायबंदरला उतरली, थांब्यापासून भाड्याने मिळणाऱ्या एका घरापर्यंत चालून पाहिले, वाटेत किराण्याच्या आणि औषधांच्या दुकानात काहीबाही विकत घेत चौकशी केली. कंडक्टरला शेवटची बस विचारली. घरमालकीण वरच्या वयाची, खालच्याच मजल्यावर राहणारी. सकाळी पोदेर (पाववाला) दारात येतो का, नुस्तेकान्न (मासेवाली) कुठल्या वारी येते, हेही तिने विचारून घेतले. कोल्हापूरची सून आहे, मासळी तिला तेव्हा साफही करता येत नव्हती, पण अक्काचा वेळ कुणाशी बोलण्यात जाणार याचा अंदाज तिने त्यातून घेतला. नंतर मला फोनवर म्हणाली, "मुलगी एकटी बसनं जाऊन येईल, आई उंबऱ्याबाहेर पडल्या तर बसायला जागा आहे. गाडीचं ते बघतील काय करायचं ते."

शेवटी तेच घर घेतले. ते तळमजल्याला नाही, पायऱ्या चढाव्या लागतात. त्यावरून अक्का कुरकुरली आणि अजून कुरकुरते. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, जायचे तर रायबंदरहून पणजीत बस बदलावी लागते, हेही गैरसोयीचे आहे. मोटारसायकल पायलट, म्हणजे भाडे घेऊन मागे बसवून नेणारे, सगळीकडे मिळतात, पण गुडघे दुखणाऱ्या बाईने पायलटच्या मागे कसे बसायचे? ओला-उबर इथे चालत नाही, टॅक्सी परवडत नाही. वृद्ध माणूस घरात असेल तर दवाखान्यापर्यंतची वाट आधी तुडवून बघावी, असे मी भाच्यालाही म्हटले होते. त्यातच नव्याने आलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसते. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क पडते आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या कार्डासाठी पाच वर्षांचे वास्तव्य लागते. पहिली काही वर्षे आजारपणाचा खर्च घरातून, हे धरूनच भाड्याचा आकडा ठरवावा. भाच्याला पर्वरीपेक्षा इथे कमी भाडे पडले, तो फरक अक्काच्या नावे बाजूला पडतो.

पाण्याचा विषय राहिला. तिसवाडी (पणजीचा तालुका) आणि फोंड्याचे पाणी ओपाच्या जलप्रकल्पातून येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला जलवाहिनी फुटली तेव्हा भर पावसाळ्यात पणजी कोरडी पडली होती. आभाळातून धो धो पाणी आणि नळाला थेंब नाही, असे आठवड्याच्या आसपास चालले. बार्देशची मदार अस्नोड्यावर आणि तिळारीच्या कालव्यावर. कुठल्या प्रकल्पाचे पाणी, नळ किती वाजता येतो, जमिनीखालची टाकी किती लिटरची, पंप कुणाच्या विजेवर चालतो, एवढे विचारले की घराची निम्मी कुंडली कळते. आणि हे मालकाला विचारू नये, खालच्या किंवा शेजारच्या बिऱ्हाडाला विचारावे.

पावसाचे तर काय सांगावे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. बदल्या होतात मार्च-एप्रिल-मेमध्ये, तेव्हा गोवा कोरडा, फुललेला. पणजीच्या भोवताली पुष्कळ नवी बांधकामे पूर्वीच्या खाजन शेतांच्या कडेला आहेत. खाजन म्हणजे बांध घालून आणि मानशीच्या दरवाजांनी खारे पाणी अडवून राखलेली सखल जमीन. भरतीची वेळ आणि जोराची सर एकत्र आली की पाणी पुन्हा आपल्या जुन्या जागी येऊन बसते. पणजीत मळ्यावर आणि १८ जून मार्गावर दर पावसाळ्यात पाणी तुंबल्याची छायाचित्रे आपणच छापता. घर उन्हाळ्यात बघायचे असेल तर कुंपणाच्या भिंतीवर किती उंचीपर्यंत शेवाळाचा डाग आहे ते बघावे. आतून नुकताच रंग दिला असेल तर कपाट ओढून त्याच्या मागची भिंत बघावी. एजंटाला राग येतो, येऊ द्यावा.

करार कागदावर हवा, मालकाने पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करून द्यायला हवी. काही मालक ते टाळतात. "आपण घरातलेच, कागद कशाला?" असे गोड बोलतात. अशा घरात जाऊ नये. गॅसपासून बँकेपर्यंत पुढचे सगळे त्या कागदावर चालते. आणि मुलांनी इथेच नोकरी करावी असे मनात असेल तर सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, हे पहिल्याच दिवशी कानावर घालते. तो मामलेदाराकडून काढताना जुन्या पावत्या, करार, शाळेचे बोनाफाईड, सगळे काढावे लागते. आमच्या खिडकीशी कितीतरी माजी विद्यार्थी शाळेत कधीपासून कधीपर्यंत होतो याचे पत्र मागायला येत. दर अकरा महिन्यांनी तालुका बदलत राहिलेल्या घरातल्या मुलाच्या फायलीत तेव्हा मोठमोठी भोके निघत.

आता काही वाचक म्हणतील, ही बाई भायल्यांना, म्हणजे बाहेरच्यांना, गोव्यात घर शोधायला शिकवते. हा राग मला कळतो. जमिनींचे रूपांतर, डोंगर कापणे, बंद दारांच्या वसाहती, यावर मीही आपल्याच पानात त्रासून लिहिले आहे. पण वर्षाचे बारा महिने राहणारे, मूल वाड्यावरच्या शाळेत घालणारे, बसमध्ये उभे राहणारे, गणेश चवथीला शेजाऱ्याच्या आरतीत टाळ धरणारे कुटुंब वेगळे आणि डिसेंबरात पंधरा दिवस दिवे लागणारा फ्लॅट वेगळा. आमची शाळा पटसंख्येच्या काठावर आली त्या वर्षी वर्ग टिकला तो असल्याच बाहेरून आलेल्या मुलांमुळे. पुरवणीतले लेख मात्र दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाईकासाठी लिहिले जातात, असे मला राहून राहून वाटते.

आपणाकडे मागणे एवढेच की पुढच्या वेळी परिसरांचा असा लेख छापाल तेव्हा दराच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने द्या: शेवटची बस किती वाजता, नळाचे पाणी किती तास, आणि रस्ता न ओलांडता चालत जाता येईल अशी शाळा आहे की नाही. माहिती गोळा करायला वार्ताहराला एक दिवस पुरेल. कदंब महामंडळाने आणि खासगी बसमालकांनी थांब्यांवर वेळापत्रक लावले तर तेवढेही कष्ट पडणार नाहीत. आज बहुतेक थांब्यांवर जाहिरात असते, बसची वेळ नसते, आणि नवा माणूस कंडक्टरच्या भरवशावर उभा असतो.

आणि घरमालकांना एक विनंती. अकरा महिन्यांचा करार ठेवायचा तर ठेवा, पण तो एप्रिलमध्ये सुरू करून पुढच्या मार्चमध्ये, परीक्षा झाल्यावर संपवा. भाडे एक पैसा कमी होणार नाही. ढवळीतल्या दोघा मालकांनी माझ्या सांगण्यावरून असे करार केले आहेत. त्यांची घरे रिकामी राहिलेली नाहीत, उलट एक भाडेकरू सुटला की त्यांच्याकडे शाळेतूनच दुसऱ्याची चौकशी येते.

आपली,
एक निवृत्त शाळा-कारकून,
ढवळी, फोंडा
(घरमालक आणि भाडेकरू दोघेही ओळखीचे असल्याने नाव छापू नये.)